स्थिर व्याजदराची मुदत संपत आहे: गृहकर्ज आहे तिथेच ठेवावे की हलवावे?

बोरिवलीकर

नमस्कार. एप्रिल २०२३ मध्ये बोरिवली पूर्व येथे घर घेताना मी एका गृहवित्त कंपनीकडून वीस वर्षांचे कर्ज घेतले. पहिली तीन वर्षे ८.९ टक्के स्थिर दर आणि त्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या आधारदराला जोडलेला बदलता दर, असे करारात ठरले होते. त्या वेळी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५ टक्क्यांवर पोहोचलेला होता आणि तो आणखी चढेल या धास्तीने स्थिर दर बरा वाटला होता. ती तीन वर्षे आता एप्रिलअखेर संपत असून १ मेपासून दर १०.१ टक्के होईल, असे कंपनीने पत्राने कळवले आहे. त्या दिवशी सुमारे ५० लाख रुपये मुद्दल आणि सतरा वर्षे शिल्लक असतील.

साडेसात टक्क्यांच्या आसपासच्या जाहिराती रोज दिसत असताना १०.१ टक्के भरणे मनाला पटत नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्यासाठी एक एजंट मागे लागला आहे. 'मार्चअखेरच्या आत सगळे उरकून टाकू, बँकेला टार्गेट पूर्ण करायचे असते, म्हणून प्रक्रिया शुल्कात सवलत मिळेल', असे त्याचे म्हणणे आहे. मात्र माझ्या करारात मुदतपूर्व परतफेडीवर दोन टक्के आकार लावण्याचे कलम आहे, म्हणजे सरळ एक लाख रुपये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी_कर्जविभाग

त्या दोन टक्क्यांपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा व्यवहार तारखेवर अवलंबून आहे.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना जून २०१२ मध्ये मनाई केली. गृहवित्त कंपन्यांना नॅशनल हाउसिंग बँकेने त्याआधीच, ऑक्टोबर २०११ मध्ये, तसे बजावले होते. स्थिर दराच्या कर्जाबाबत या कंपन्यांवर एवढेच बंधन आहे की कर्जदाराने स्वतःच्या पैशातून कर्ज फेडले तर आकार घेऊ नये, आणि दुसऱ्या बँकेचे कर्ज काढून केलेली फेड स्वतःच्या पैशातली धरली जात नाही. तुमच्यासारख्या मिश्र कर्जाला फेडीच्या दिवशी ते ज्या दरावर असेल त्या दराचा नियम लागतो. म्हणजे नव्या बँकेचा चेक मार्चमध्ये जमा झाला तर कंपनी तुमच्याकडून लाख रुपये हक्काने मागू शकते. तोच चेक १ मेनंतर, कर्ज बदलत्या दरावर गेल्यावर जमा झाला तर तिला एक रुपयाही मागता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये काढलेले नवे निर्देश १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना लागू असल्याने तुमचे कर्ज जुन्याच तरतुदींखाली येते, परंतु मिश्र दराबाबतचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

एजंटाची घाई ही त्याच्या आर्थिक वर्षाची घाई आहे, तुमची नव्हे. फाइल मार्चमध्ये देण्यास हरकत नाही, किंबहुना द्यावीच, कारण मुंबईत मालमत्तेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी होईपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. फक्त मंजुरीपत्र मेअखेरपर्यंत वैध राहील याची खात्री करून घ्यावी आणि रक्कम मे महिन्यात वितरित करावी असे लेखी कळवावे.

मात्र त्याआधी आपल्याच कंपनीला दर कमी करण्याविषयी लेखी विचारा. गृहवित्त कंपन्यांचा दर म्हणजे आधारदरातून सवलत वजा करून उरलेला दर असतो आणि नव्या ग्राहकाला ही सवलत जुन्यापेक्षा जास्त मिळते. थोडे रूपांतर शुल्क भरून जुन्या ग्राहकालाही ती वाढवून मिळते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. शाखेत जाऊन तोंडी विचारू नका. ईमेलवर 'कर्ज हस्तांतरित करावयाचे असल्याने थकबाकीचे पत्र आणि जमा कागदपत्रांची यादी द्यावी' अशी मागणी करा. हे पत्र गेले की ग्राहक टिकवण्याचे काम पाहणाऱ्या विभागाचा फोन बहुधा त्याच आठवड्यात येतो.

सबूरी

माझे मत थोडे निराळे आहे. बदलत्या दराची गोडी सध्या सर्वांना वाटते आहे, कारण रेपो दर फेब्रुवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. परंतु मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला हाच दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला होता आणि तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली, हे विसरू नये. पुन्हा पाच वर्षांसाठी स्थिर दर मिळत असेल तर तो घेण्याचा विचार बोरिवलीकरांनी का करू नये?

माजी_कर्जविभाग

सबूरी यांचा मुद्दा रास्त आहे आणि तो एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे बंधन घातले होते की व्याजदर बदलताना कर्जदाराला स्थिर दरावर जाण्याचा पर्याय द्यावा आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे त्याला ठरवू द्यावे. त्यातील स्थिर दराचा पर्याय देणे ऑक्टोबर २०२५ पासून ऐच्छिक झाले आहे. हप्ता आणि मुदत यांतील निवड मात्र आजही कर्जदाराचीच आहे. त्यामुळे आपल्या नकळत मुदत वाढण्याची भीती २०२२ च्या तुलनेत कमी झाली आहे.

आपल्याकडे 'स्थिर' म्हणून विकला जाणारा दर बहुधा दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरताच असतो. वीस वर्षांच्या कर्जात तो निर्णय पुढे ढकलतो, टाळत नाही. त्यासाठी बदलत्या दरापेक्षा एक-दीड टक्का अधिक मोजावा लागत असेल, तर दर वाढण्याआधीच आपण वाढीव दर भरू लागलेलो असतो. ज्यांचे उत्पन्न अगदी मोजून-मापून आहे आणि हप्त्यात दोन-तीन हजारांचा फरकही झेपणार नाही, त्यांच्यासाठी तो योग्य असू शकतो.

ठाणेकरीण

आम्ही दीड वर्षापूर्वी कर्ज गृहवित्त कंपनीकडून एका सरकारी बँकेत नेले, म्हणून दराच्या पलीकडच्या गोष्टी सांगते. बँक तुमच्याइतकीच तुमच्या इमारतीलाही पारखते. आमच्या सोसायटीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले होते, तरी कन्व्हेअन्स (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे होणे) झालेले नसल्यामुळे वकिलांनी तीन वेळा खुलासे मागितले. पहिल्या बँकेने शेजारच्या विंगमधील एका कुटुंबाचा अर्ज नाकारला, कारण त्यांनी गॅलरी बैठकीच्या खोलीत घेतली होती आणि मंजूर नकाशाशी घर जुळत नव्हते. बोरिवलीकरांच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू असेल, सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल किंवा विकासकाची निवड झाली असेल, तर प्रक्रिया शुल्क भरण्यापूर्वीच नव्या बँकेला तसे सांगावे. मुंबईत जुन्या इमारतींतील कर्जे बहुतेक याच ठिकाणी अडतात आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही.

सोसायटीकडून तीन गोष्टी लागतील: नव्या बँकेच्या नमुन्यातील ना-हरकत दाखला, देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचे पत्र आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत. आमचे सचिव फक्त रविवारी सकाळी भेटत असत, त्यामुळे ही कागदपत्रे आधीच मागून ठेवणे चांगले. घर पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या नावे असेल तर काही बँका महिला कर्जदारासाठी ०.०५ टक्का सवलत देतात, तीही विचारून घ्यावी.

दस्तनोंद

खर्चाविषयी लिहितो, कारण जाहिरातीत 'शून्य प्रक्रिया शुल्क' एवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. कर्ज एका संस्थेकडून दुसरीकडे गेले की नव्या संस्थेच्या नावे गहाण नव्याने करावे लागते. मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणावर महाराष्ट्रात पाच लाखांवरील कर्जासाठी ०.३ टक्के मुद्रांक शुल्क आहे. ५० लाखांवर ते १५ हजार रुपये होते आणि जुन्या कर्जाच्या वेळी भरलेल्या शुल्काची वजावट मिळत नाही. त्यानंतर तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकांकडे गहाणाची सूचना दाखल करायची असते, तिचे शुल्क निराळे. ही सूचना बहुतेक बँकांचे लोक ऑनलाइन दाखल करतात, पण तिची पावती स्वतःकडे ठेवावी.

याखेरीज वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांचा खर्च असतो, तो बँकेगणिक बदलतो. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतील दरावर न करता त्या आकड्यावर करावी. विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिसळला आहे का, हेही त्याच कागदावर दिसते. विमा हवा असेल तर वेगळा घ्यावा, त्यावर सतरा वर्षे गृहकर्जाचे व्याज भरण्याचे कारण नाही.

बोरिवलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माजी कर्जविभाग यांनी सांगितल्याप्रमाणे थकबाकीचे पत्र मागितले आणि खरोखरच फोन आला. ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये रूपांतर शुल्क घेऊन १ मेपासून ८.२५ टक्के दर देण्यास कंपनी तयार आहे. दुसरीकडे एका सरकारी बँकेने माझा सिबिल स्कोअर पाहून ७.६ टक्के दर सांगितला आहे. त्यात रेपो दर ५.२५ आणि त्यावर २.३५ टक्के स्प्रेड, म्हणजे बँकेने वर लावलेला अधिभार आहे. बँकेने पाव टक्का प्रक्रिया शुल्क सांगितले असून मुद्रांक शुल्क, वकील आणि मूल्यांकन धरून एकूण खर्च सुमारे ४० हजार रुपये होईल. कर्ज पुन्हा वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ता बराच खाली येईल, असेही तेथील अधिकारी म्हणाले. सोसायटीत पुनर्विकासाचा विषय नाही आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे.

हिशेबनीस

बोरिवलीकर, आता खरे आकडे हाती आल्यामुळे हिशेब करता येईल. ५० लाख मुद्दल आणि २०४ महिने धरून १०.१ टक्क्यांनी हप्ता ५१,३८० रुपयांच्या आसपास येतो, ८.२५ टक्क्यांनी ४५,६६० आणि ७.६ टक्क्यांनी ४३,७३०. म्हणजे कंपनीला केलेल्या एका ईमेलने दरमहा सुमारे ५,७०० रुपये वाचले आणि बँकेत गेल्यास आणखी १,९३० वाचतील. हस्तांतरणाचा जादा खर्च ३४ हजार धरला तर तो साधारण दीड वर्षात भरून निघतो. तुम्ही पुढील दोन वर्षांत घर विकणार असाल किंवा मोठी रक्कम भरून कर्ज संपवणार असाल, तर कंपनीचा प्रस्ताव स्वीकारून मोकळे व्हावे. तसे नसेल तर बँक.

परंतु वीस वर्षांच्या मुदतीचे आमिष मुळीच स्वीकारू नका. ७.६ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता ४०,५९० रुपयांपर्यंत उतरतो हे खरे, पण एकूण व्याज सुमारे ४७ लाख ४० हजार होते. ८.२५ टक्क्यांनी सतरा वर्षांत ते सुमारे ४३ लाख १५ हजारच आहे. म्हणजे दर कमी करून, वर ४० हजार खर्च करून तुम्ही सव्वाचार लाख जास्त भराल. ७.६ टक्के आणि सतरा वर्षे या जोडीत व्याज ३९ लाख २० हजारांच्या घरात येते.

तिसरा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. आज ८.९ टक्क्यांनी तुमचा हप्ता ४७,६३० च्या आसपास असणार आणि तीन वर्षे तुमचे घर त्याच हप्त्यावर चाललेले आहे. बँकेत गेल्यावरही तोच हप्ता ठेवला, तर कर्ज साडेचौदा वर्षांच्या आत फिटते आणि व्याज साधारण साडेबत्तीस लाखांवर थांबते. बँकेने मंजुरीपत्रात हप्ता कमी लिहिला तरी वरची रक्कम दरमहा मुद्दलात भरता येते, कारण बदलत्या दरावर अंशतः फेडीलाही आकार नाही. फक्त ती भरल्यावर मुदत कमी करावी, हप्ता नव्हे, असे लेखी द्यावे.

सबूरी यांच्या शंकेसाठी आणखी एक आकडा देतो. रेपो दर उद्याच्या उद्या दोन टक्क्यांनी वाढून तुमचा दर ९.६ झाला, तरी हप्ता ४९,८०० च्या जवळ राहील, म्हणजे कंपनी मे महिन्यापासून विनासायास मागत असलेल्या ५१,३८० पेक्षा कमीच.

सबूरी

हिशेब मान्य आहे. फक्त असे सुचवतो की बोरिवलीकरांनी त्या २.३५ टक्के स्प्रेडविषयीही प्रश्न विचारावेत. रेपो दर सर्वांना दिसतो, स्प्रेड पुढे वाढवला तर कोणाच्या लक्षात येणार?

माजी_कर्जविभाग

नेमका प्रश्न. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निकषाला जोडावी लागतात आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा त्या निकषाप्रमाणे बदलावा लागतो. स्प्रेडमधील पतजोखमीचा भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाल्याशिवाय बदलता येत नाही. कामकाजाच्या खर्चासारखे उरलेले भाग तीन वर्षांतून एकदाच बदलता येतात, मात्र ग्राहकाच्या फायद्यासाठी ते त्याआधीही कमी करण्याची मुभा ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना मिळाली आहे. तेव्हा दोन-तीन वर्षांनी नव्या ग्राहकांना कमी स्प्रेड मिळताना दिसला, तर बोरिवलीकरांनी तो आपल्यालाही मागावा.

गृहवित्त कंपन्यांना बाह्य निकषाची सक्ती नाही. त्यांचा आधारदर त्या स्वतः ठरवतात. रेपो दर २०२५ मध्ये सव्वा टक्क्याने उतरला, तो आपल्यापर्यंत किती पोहोचला हे त्यांच्या ग्राहकाला सहज पडताळता येत नाही. कंपनीचे ८.२५ आणि बँकेचे ७.६ यांतील फरक केवळ पाऊण टक्क्याहून कमी आहे असे न समजता, एक दर कंपनीच्या मर्जीने चालतो आणि दुसरा जाहीर झालेल्या आकड्याला बांधलेला आहे, हेही तोलून पाहावे. माझा कौल बँकेकडे आहे तो मुख्यतः या कारणाने.

डोंबिवली_फास्ट_लोकल

विषय थोडा जवळचा असल्याने इथेच विचारतो. माझे कर्ज २०१७ पासून एका बँकेत एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या निधीखर्चावरून ठरवलेल्या दरावर आहे. मलाही सगळी कागदपत्रे घेऊन दुसरीकडे जावे लागेल का?

माजी_कर्जविभाग

नाही. त्याच बँकेत रेपोशी जोडलेल्या दरावर जाण्याचा हक्क तुम्हाला २०१९ च्या परिपत्रकानेच दिला आहे आणि त्यासाठी वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्चापलीकडे आकार घेता येत नाही. शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्यानंतर किती स्प्रेड लागेल हे आधी लेखी मागून घ्या. तो नव्या ग्राहकाच्या स्प्रेडपेक्षा बराच जास्त असेल, तरच बाहेर पाहावे.

बोरिवलीकर

बँकेचे मंजुरीपत्र सतरा वर्षांच्या मुदतीचे घेतले आहे आणि रक्कम मे महिन्यात वितरित होईल असे त्यात नमूद करून घेतले आहे. दोन शंका उरल्या आहेत. चेक तयार झाल्यापासून तो कंपनीकडे जमा होईपर्यंतच्या दिवसांचे व्याज दोन्हीकडे भरावे लागते का? आणि घराचा मूळ करारनामा कंपनीकडून किती दिवसांत परत मिळतो?

दस्तनोंद

चेकवर तारीख टाकून तो कित्येक दिवस टेबलावर ठेवणे आणि व्याज मात्र त्या तारखेपासून लावणे, या प्रथेबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सर्व संस्थांना खडसावले असून व्याज प्रत्यक्ष वितरणापासूनच लावण्यास सांगितले आहे. चेकऐवजी रक्कम थेट कर्जखात्यात पाठवावी असा आग्रह धरावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. थकबाकीच्या पत्रात पुढील काही दिवसांचे दररोजचे व्याज लिहिलेले असते, त्याप्रमाणे नेमकी रक्कम काढून घ्यावी. मेचा हप्ता कंपनीच्या आदेशानुसार खात्यातून वळता होण्याची तारीख त्यातच येत असेल, तर तो जमा झाल्यावर नवे थकबाकीपत्र घ्यावे.

मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत करणे डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे आणि संस्थेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे हाती आली की जमा कागदपत्रांच्या यादीशी पानागणिक ताडून घ्यावीत, विशेषतः नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). सरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीतील कंपनीचा बोजा उतरला आहे याचीही खातरजमा करावी, नाहीतर पुढे घर विकताना त्या जुन्या नोंदीवरून खरेदीदाराची बँक अडून बसते.

ठाणेकरीण

आणि सोसायटीच्या दप्तरीही जुन्या कंपनीच्या बोजाची नोंद कमी करून नव्या बँकेची करून घ्या. आमच्याकडे ते राहून गेले होते, सचिवांनी पुढच्या वर्षी वार्षिक सभेच्या वेळी आठवण करून दिली.

बोरिवलीकर

सोसायटीचा अर्ज रविवारी देतो. थकबाकीचे पत्र मेचा हप्ता गेल्यानंतरच्या तारखेचे मागितले आहे आणि रक्कम थेट खात्यात पाठवण्यास बँकेने होकार दिला आहे. एजंटाला नको म्हणून कळवले.